हातचा

पगारपत्रकातला शेवटचा रकाना.
पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स, उचल,
कँटीनची कुपनं, सगळं कापून झालं
की उरतं ते तिथे लिहायचं.
वर छापलेलं आहे : इन हँड.

हातात तसं कुणाच्या काही पडत नाही आता.
सात तारखेला साकीनाक्याच्या आमच्या शेडमध्ये
एकापाठोपाठ खिसे थरथरतात,
मशीन न थांबवता माणसं एका डोळ्याने मेसेज वाचतात.
एकोणीस वर्षं मी हा रकाना भरतेय.

विजूमावशी फोनवर म्हणते,
मुलगा बरा आहे गं, पण इन हँड किती?
पत्रिका ती त्यानंतर उघडते.
तिच्या तोंडात त्याचं 'इन्यांड' होतं,
देवगडच्या अलीकडचं एखादं गाव असावं तसं,
जिथे एसटी थांबत नाही.

होमलोनवाला म्हणतो, मॅडम, ग्रॉस राहू द्या.
भाच्याने ऑफर लेटर आणलं, बारा लाखांचं,
पेढेसुद्धा आणले.
मी पाकिटाच्या मागे पेन्सिलने वजाबाकी केली.
पेढा त्याच्या तोंडात तसाच राहिला थोडा वेळ.

आणि आमच्या सोसायटीचा काँट्रॅक्टर :
सध्या तीन साइट इन हँड आहेत, वहिनी.
हातात त्याच्या टूथपिक.

शाळेत आम्हाला पेंढरकरबाई होत्या.
सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक.
तो एक मी खरंच मुठीत धरायचे,
दशकाच्या घरापर्यंत घाम फुटायचा,
सांडला तर सगळी बेरीज गेली.
मराठीतला हातचा पुढे न्यायचा असतो.
इन हँड तसं नाही.
ते उरलेलं असतं, पुढे काही जात नाही त्यातलं.
हे मला फार उशिरा सुचलं, तेही असंच, रिकाम्या दुपारी,
आणि कुणाला सांगण्यासारखं वाटलं नाही.

तुळशीदास पेडामकर, पॉवर प्रेस क्रमांक चार.
गेल्या मार्चमध्ये उजव्या हाताची मधली दोन बोटं.
कँटीनच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून
पोरं रिक्षाने धावली.
लागली नाहीत ती परत.
डबा धुऊन आला, कुणी वापरत नाही.

काल तो खिडकीशी उभा राहिला
बोर्डाचं पत्र घेऊन.
दर महिन्याचा आकडा होता त्यात,
बोटांचा टक्का काढून ठरवलेला.
ताई, मागचे सगळे धरून
इन हँड किती येतील?

जेवढे लिहिलेत तेवढेच, मी म्हटलं,
यातून काही कापत नाहीत.

आणि जीभ चावली.

तो हसला. खरंच हसला,
प्रेसवाल्यांना मोठ्याने हसायची सवय असते.
मग महिने मोजायला लागला,
आपली पद्धत, अंगठा पेरांवर टेकवत.
करंगळीवर मार्च, एप्रिल, मे.
मग अंगठा सरकला
आणि हवेत टेकला.
जून. जुलै. ऑगस्ट.
थोडा पुढे, पुन्हा हवेतच,
अंतर मात्र अगदी नेमकं,
सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.
मग तर्जनीवर उतरला. डिसेंबर. जानेवारी.

अकरा, तो म्हणाला.

माझ्या कॅलक्युलेटरवरही अकराच होते.
गुणाकार करून मी आकडा चिठ्ठीवर लिहिला,
त्याने चिठ्ठी डाव्या हाताने घेतली, वाचली,
परत माझ्यापुढे सरकवली :
जरा मोठ्या अक्षरात लिहा, बायकोला दाखवायचंय.

मी मोठ्या अक्षरात लिहिलं.
पाठीमागून कुणीतरी म्हणालं, लाइन आहे भाऊ.